मैत्रिणीबरोबर मुंबईत दोन दिवस: मोठ्या हॉटेलात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

आमच्या पिढीतल्या बायका मुंबईला जातात त्या लग्नाला, दवाखान्याला, नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला. निव्वळ मुंबई बघायला म्हणून गेलेल्या त्या शाळेच्या सहलीत. आमचीही सांगलीहून तशीच सहल गेली होती. गेटवेसमोर सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि हात करून दाखवलं, "ते बघा ताजमहाल हॉटेल." माझी मैत्रीण माझ्या कानाशी लागली, "आत जाऊ देतात का गं?"

या प्रश्नाचं उत्तर मिळवायला आम्हाला पस्तीस वर्षं लागली. जाऊ देतात. दाराशी बॅग तपासतात, यंत्रातून जावं लागतं, आणि मग दरवान हसून दार उघडतो. तिच्या पन्नाशीला आम्ही तिथे एक रात्र राहिलो. तेव्हापासून वर्षातून एकदा दोन दिवस काढून आम्ही दोघी दक्षिण मुंबईत जातो. एक रात्र चांगल्या हॉटेलात, एक जेवण चांगल्या रेस्टॉरंटात, बाकी वेळ पायी भटकणं आणि गप्पा. हॉटेल दरवेळी ताजच असतं असं नाही, पण चांगलं असतं.

ओळखीच्या बायका याबद्दल विचारतात तेव्हा पैशांचा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो, "आपल्याला तिथे जमेल का?" कपडे कसे हवेत, इंग्रजी बोलावं लागतं का, बिल भलतंच आलं तर काय करायचं. यातली प्रत्येक धास्ती आधी माहिती घेतली की जाते, हे मी चार वर्षांत पाहिलंय. म्हणून सगळं क्रमाने सांगते. मी बायकांच्या बाजूने लिहीत असले तरी दोघे मित्र जात असतील तर त्यांनाही हेच लागू आहे.

पहिलं काम: पैशांचं बोलून घ्या

हॉटेल शोधायला बसायच्या आधी दोघींनी समोरासमोर बसून आकडा ठरवायचा. "बघू गं, होईल" असं म्हणून निघालेल्या सहलीत एकीला मेन्यूकार्डाच्या उजव्या बाजूकडे बघून जेवावं लागतं आणि दुसरीला त्याचा पत्ताही नसतो. जुन्या मैत्रीत तर हे हमखास होतं, कारण तिथे पैशांचं बोलायची सवयच नसते.

आम्ही असं करतो. खोली आणि गाडी-टॅक्सीचा खर्च निम्मा-निम्मा. एक मोठं जेवण दोघींचं समाईक, त्यासाठी कमाल रक्कम आधी ठरलेली. बाकी खरेदी जिची तिची. दोघी सारखी रक्कम एकीच्या खात्यात टाकतो, सगळं तिथून जातं, आणि परतीच्या गाडीत उरलेले पैसे वाटून घेतो. एकीची ऐपत कमी असेल तर हॉटेल तिच्या ऐपतीचं निवडायचं. जिच्याकडे जास्त आहे तिने हवं तर एखादा चहा पाजावा, पण निम्मी खोली "माझ्याकडून" असं करू नये. समोरचीला दोन दिवस ते ओझं होतं.

तारीख

खोलीचं भाडं रोज बदलतं. डिसेंबरात, लग्नसराईत आणि जोडून सुट्ट्या आल्या की ते चढतं. पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी उतरतं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सव असतो. १९९९ पासून चालू असलेला हा महोत्सव नऊ दिवस चालतो. तो बघायचा असेल तर खोली महिना-दीड महिना आधी पकडा. बघायचा नसेल तर ते दिवस टाळलेलेच बरे, कारण फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते.

माझा कौल ऑगस्टला. पाऊस थोडा ओसरलेला असतो, समुद्र खवळलेला असतो आणि हॉटेलच्या खिडकीशी बसून तो बघण्यात दुपार जाते. घारापुरीची लेणी करायची असतील तर मात्र पावसाळा नको, लाँच बंद असू शकतात. आणि सोमवार तर कधीच नको, त्या दिवशी लेणी बंद असतात.

हॉटेल निवडताना

या भागात साधारण तीन तऱ्हा आहेत. ताजसारखी जुनी भव्य हॉटेलं. नरिमन पॉइंटकडची उंच इमारतींतली आधुनिक हॉटेलं. आणि कुलाबा-फोर्टातल्या जुन्या इमारतींमध्ये नव्याने सजवलेली लहान हॉटेलं, ज्यांना बुटीक हॉटेल म्हणतात. पहिल्यांदाच जात असाल तर लहान हॉटेल सोपं जातं. खोल्या मोजक्या असतात, माणसं नावानं ओळखतात, आणि भाडंही मानाने कमी असतं. मात्र जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, हे नक्की विचारा. आमच्यासारख्या गुडघेवाल्यांना तो पहिला प्रश्न.

ताजबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे फक्त राहायला जाऊ नये, ती वास्तू समजून घ्यावी. जमशेटजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. त्याच्या मूळ वास्तुरचनेत सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा मोठा वाटा होता. डी. एन. मिर्झा त्यांच्यासोबत होते. वैद्य काम चालू असतानाच गेले आणि पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते पुरं केलं. मला हे कळलं तेव्हा मी त्या मोठ्या जिन्याखाली उभी राहून वर घुमटाकडे कितीतरी वेळ बघत होते. हॉटेल उघडलं तेव्हा समोर गेटवे नव्हताच, तो १९२४ साली पुरा झाला. मूळ प्रवेशदारही समुद्राकडे नव्हतं, ते शहराच्या बाजूला होतं, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत जखमी सैनिकांसाठी रुग्णालय चालवलं होतं. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथे ३१ जणांचा जीव गेला. त्यांच्या नावांचं स्मारक आत आहे. तिथे क्षणभर थांबा.

ताजमध्येच राहायचं असेल तर हे माहीत हवं: जुनी घुमटाची इमारत म्हणजे पॅलेस विंग, आणि तिच्या शेजारची, सत्तरच्या दशकातली उंच इमारत म्हणजे टॉवर विंग. टॉवरमधली खोली सहसा स्वस्त पडते. सकाळचा नाश्ता, जुना जिना, तलाव यासाठी तुम्ही सगळीकडे फिरू शकताच. राहणाऱ्यांना वास्तू फिरवून दाखवण्याची सोय आहे का, हे रिसेप्शनवर विचारा. असेल तर चुकवू नका.

बुकिंग करताना नेमकं काय बघायचं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

स्क्रीनवर दिसणारी मोठ्या अक्षरांतली रक्कम बहुधा कराशिवाय असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं खोलीभाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटी आहे, आणि त्याच्या वर असेल तर १८ टक्के. म्हणजे ७,००० च्या खोलीला ३५० रुपये कर, एकूण ७,३५०. पण ८,००० च्या खोलीला १,४४० कर, एकूण ९,४४०. भाड्यातला फरक एक हजाराचा, प्रत्यक्ष खिशातून जाणारा दोन हजारांहून जास्त. त्यामुळे साडेसातच्या किंचित वर असलेली खोली दिसली की मी एक दिवस पुढे-मागे करून बघते. कित्येकदा तीच खोली साडेसातच्या आत मिळते.

दुसरं, पलंग. "डबल" म्हणजे दोघांचा एक मोठा पलंग. दोन वेगळे हवे असतील तर "ट्विन" निवडायचं. फक्त निवडून भागत नाही, हॉटेलला फोन करून पक्कं करा. पहिल्या वर्षी आम्ही हे केलं नव्हतं. माझी मैत्रीण झोपेत लाथा मारते आणि मी घोरते, हे आम्हाला शाळेच्या सहलीनंतर इतक्या वर्षांनी नव्याने कळलं. मैत्री टिकली, पण झोप झाली नाही.

तिसरं, नाश्ता भाड्यात आहे की नाही. "रूम ओन्ली" म्हणजे नाश्ता वेगळा, आणि मोठ्या हॉटेलांत तो एका माणसाचा चांगल्या जेवणाइतका पडतो. नाश्त्यासकट भाडं थोडंच जास्त असेल तर ते घ्या. फरक मोठा असेल तर नाश्ता न घेता सकाळी धोबी तलावला कयानीत जाऊन ब्रून-मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, आणि चहा घ्या. १९०४ पासून चालू असलेलं ते इराणी हॉटेल हा वेगळाच आनंद आहे.

चौथं, रद्द करण्याची अट. "नॉन-रिफंडेबल" दर स्वस्त असतो, पण आमच्या वयात घरी कोणी ना कोणी आजारी पडतंच. थोडे जास्त देऊन रद्द करता येईल असंच बुकिंग करावं.

शेवटचं: बुकिंगच्या साइटवर दर बघा आणि मग हॉटेलला थेट फोन लावा. मराठीत बोललात तरी चालतं, मुंबईत रिसेप्शनवर मराठी समजणारं कोणी ना कोणी असतं. "आम्ही दोघी मैत्रिणी येतोय, हिचा पन्नासावा वाढदिवस आहे," एवढं सांगितलंत तरी पुष्कळदा खोलीत छोटा केक येतो किंवा बरी खोली मिळते. मिळेलच असं नाही, पण सांगायला संकोच कशाचा?

पोहोचणं आणि सामान

बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोननंतर मिळते आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या आत सोडायची असते. आम्ही येतो रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने, ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सकाळीच पोहोचते. मग दोनपर्यंत काय? स्टेशनात बसून राहू नका. सरळ हॉटेलात जा, बॅगा तिथे ठेवायला द्या, पावती घ्या आणि फिरायला निघा. बॅगा ठेवण्याचे पैसे लागत नाहीत. खोली रिकामी असेल तर लवकरही देतात, फक्त विचारावं लागतं. एका छोट्या पिशवीत कपड्यांचा एक जोड, टूथब्रश आणि औषधं वेगळी ठेवा, म्हणजे हॉटेलच्याच स्वच्छतागृहात तोंड धुऊन कपडे बदलता येतात.

पुण्याहून येणाऱ्यांना डेक्कन क्वीन आहेच. १ जून १९३० ला सुरू झालेल्या या गाडीत डायनिंग कार आहे, टेबलाशी बसून ऑम्लेट नाहीतर कटलेट खाता येतं. सहलीची सुरुवात त्या टेबलावर झाली की घर आपोआप मागे पडतं. नाशिककरांना पंचवटी, सोलापूरकरांना वंदे भारत.

स्टेशनाबाहेर काळी-पिवळी टॅक्सी घ्या आणि मीटर टाकायला सांगा. किमान भाडं ३१ रुपये आहे. रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. काळा घोड्याला जायला हुतात्मा चौक स्टेशन जवळ. बॅगा हलक्या असतील तर उपनगरांतून आणि विमानतळावरून येणाऱ्यांना हीच सोईची.

रिसेप्शनवर

दोघींचंही ओळखपत्र लागतं, नुसतं बुकिंग करणारीचं नाही. आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्ड चालत नाही, त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं, "मास्क्ड" आधार डाउनलोड करून ठेवा.

मग रिसेप्शनवरची मुलगी डिपॉझिट मागेल. घाबरू नका. खोलीत मागवलेलं जेवण, कपडे धुणं अशा खर्चासाठी ही रक्कम असते. क्रेडिट कार्ड दिलंत तर पैसे नुसते अडकवून ठेवतात आणि नंतर मोकळे करतात. डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने दिलंत तर पैसे खरोखर खात्यातून जातात आणि परत यायला दिवस लागतात. एका हॉटेलात माझे असे पाच हजार आठ दिवस अडकले होते आणि मी रोज बँकेचा मेसेज बघत होते. क्रेडिट कार्ड नसेल तर सरळ सांगा, "खोलीतून आम्ही काहीच मागवणार नाही, डिपॉझिट कमी करता येईल का?" बऱ्याचदा करतात.

खोलीत गेल्यावर दार लावायच्या आधी एसी, गरम पाणी आणि पलंग तपासा. काही बिघडलं असेल तर आत्ताच सांगायचं, रात्री नाही. टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्यांवर "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलेलं असेल तर फुकट. छोट्या फ्रिजमधल्या चॉकलेट-काजूंना हात लावण्याआधी दरपत्रक बघा. चहा-कॉफीचं सामान फुकट असतं. आम्ही घरून चहा पावडर नेतो, कारण त्या डिपच्या पुड्यांनी आमचं समाधान होत नाही. बॅग वर आणून देणाऱ्या मुलाला शंभर रुपये द्यावेत, असं मला वाटतं.

ती एक संध्याकाळ

सगळ्या सहलीचा गाभा हा. म्हणून जेवण कुठे, हे खोलीइतक्याच गांभीर्याने ठरवा.

हॉटेलात राहणं परवडत नसेल, तर राहायचं साध्या ठिकाणी आणि मोठ्या हॉटेलात फक्त चहा घ्यायचा. हे मी नवख्यांना आवर्जून सुचवते. ताजच्या पहिल्या मजल्यावरचं सी लाउंज त्यासाठी उत्तम. खिडकीबाहेर गेटवे आणि बंदरातल्या होड्या, आणि मेन्यूत केक-सँडविचच्या जोडीला चक्क भेळ. फोन करून टेबल राखून ठेवा आणि खिडकीजवळचं मागा. दोघीत एक भेळ, एक गोड आणि दोन चहा घेऊन दीड तास बसलं तरी कोणी उठवत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मैत्रीण कितीतरी वेळ खाली गेटवेपाशी उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांकडे बघत होती. मग म्हणाली, "अगं, तिथेच उभे होतो आपण."

रात्रीच्या जेवणाला टेबल लागतंच. शनिवारी-रविवारी चांगल्या रेस्टॉरंटांत दोन पाळ्या असतात, एक सातच्या सुमाराची आणि एक साडेनऊची. पहिली पाळी घेतली तर आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेला जवळ पडतं. पण उठायची वेळ ठरलेली असते का, ते विचारा. पंधरा मिनिटांहून उशीर होत असेल तर फोन करा, नाहीतर टेबल दुसऱ्याला जातं.

कपड्यांचं अगदी साधं आहे. "स्मार्ट कॅज्युअल" म्हणजे नीटनेटके, इस्त्रीचे, बाहेर जायचे कपडे. सुती साडी, चांगला कुर्ता सगळीकडे चालतो. मी इरकल नेसून जाते आणि आजवर कुठे नजर वळून पडली असेल तर ती कौतुकाचीच. अडवतात ते पुरुषांच्या बर्म्युडा आणि रबरी चपलांना. मित्रांनो, ती एक जोडी बूट बॅगेत टाका.

आता टेबलावर. वेटर आधी पाण्याचं विचारेल. त्याने बाटल्यांची नावं घेतली तर "रेग्युलर वॉटर" म्हणा, म्हणजे गाळलेलं साधं पाणी मिळतं. संकोचाने बाटलीला हो म्हटलंत तर तिचे पैसे बिलात येतात. मेन्यूतली नावं उच्चारता येत नसतील तर बोट ठेवा आणि विचारा, "हे काय असतं?" चांगल्या ठिकाणच्या वेटरला पदार्थ समजावून सांगायला आवडतं, तेच त्याचं काम आहे. किती तिखट, किती जणांना पुरेल, यात अंडं किंवा मासा आहे का, सगळं विचारा. नव्या रेस्टॉरंटांत ताटल्या लहान असतात, दोघींना चार पदार्थ लागतात. जुन्या ठिकाणी दोन पुरतात. आधी कमी मागवा, मग लागलं तर वाढवा.

मासे खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. खेकडा, शेवंड, पापलेट यांच्यासमोर किमतीऐवजी "एपीएस" लिहिलेलं असतं. म्हणजे आकारानुसार किंमत. असा पदार्थ मागवताना वजन आणि रक्कम तोंडी विचारून घ्या. फोर्टातल्या तृष्णाचा बटर-गार्लिक खेकडा नावाजलेला आहे आणि तो खायलाच हवा, पण आकडा ऐकून मग. तसंच वेटरने मेन्यूबाहेरचा "आजचा खास" पदार्थ सुचवला तर त्याचीही किंमत विचारा. किंमत विचारणं कमीपणाचं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर उंची घड्याळ घातलेले गृहस्थ विचारत होते, तेव्हा माझी उरलीसुरली भीड गेली.

काटे-चमचे पुष्कळ मांडलेले असतील तर बाहेरच्या बाजूने सुरुवात करायची. आणि पोळी-नान, खेकडा हाताने खायचा. हात धुवायला लिंबाचं कोमट पाणी मागितलं की आणून देतात.

काही ठिकाणी "टेस्टिंग मेन्यू" असतो. त्यात आपण निवडायचं नसतं, शेफ एकापाठोपाठ एक आठ-दहा लहान घास पाठवतो. महालक्ष्मी भागातलं मास्क हे २०१६ साली उघडलेलं रेस्टॉरंट यासाठी प्रसिद्ध आहे. जेवण दोन-अडीच तास चालतं आणि खर्च बराच येतो. पहिल्या वर्षी हे करू नका. जेव्हा कराल तेव्हा शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

बिल वाचायचं कसं

साध्या रेस्टॉरंटात जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो. पण ज्या हॉटेलांत खोल्यांचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के असतो. चार हजारांच्या जेवणाला एकीकडे २०० रुपये कर, दुसरीकडे ७२०. मेन्यूतल्या किमती कराशिवाय असतात, हे धरूनच मागवा.

त्याखाली "सर्व्हिस चार्ज" अशी ओळ दिसली तर थांबा. हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ही भूमिका कायम केली. सेवा आवडली असेल तर खुशाल द्या. द्यायचा नसेल तर शांतपणे म्हणा, "सर्व्हिस चार्ज काढून बिल द्याल का?" आवाज चढवायची गरज पडत नाही. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आम्ही तो काढायला लावतो आणि तेवढेच पैसे त्या वेटरच्या हातात देतो, कारण आमचं कौतुक त्याच्यापर्यंतच जावं अशी आमची इच्छा असते.

दुसऱ्या दिवशीची पायपीट

पहाटे उठा. गेटवेचं तोंड पूर्वेला आहे, सूर्य बंदरातून वर येतो, आणि साडेसहाला तिथे फिरायला आलेली माणसं आणि कबुतरं सोडून कोणी नसतं. १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी बसवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्या उजेडात बघा. दुपारच्या गर्दीत तो बघितल्यासारखा होतच नाही.

नाश्ता भाड्यात असेल तर भरपेट करा, पण आधी ताटली न घेता एक चक्कर मारा. नाहीतर पहिल्याच टेबलावरच्या पावाने पोट भरतं आणि पलीकडे गरम डोसा निघत असतो.

मग चालत रीगल सिनेमावरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे. इमारत जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची, गेटवेही त्याचाच. वरचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीचा, तो आम्हा सांगलीकरांना लगेच ओळखू येतो. सगळं बघायला गेलात तर दिवस जाईल, म्हणून दोन दालनं निवडा. आम्ही लघुचित्रं आणि शिल्पं बघतो.

पुढे काळा घोडा. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये इथून हलवून राणीच्या बागेत नेला. आता आहे तो २०१७ मध्ये बसवलेला, स्वार नसलेला घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट असतो, आणि चित्रकार बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो. त्याच्याशी बोला. गॅलरीजवळच्या गल्लीत निळंशार सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, १८८४ चं. डेव्हिड ससून वाचनालयापासून जवळच एक मोडकळीला आलेली इमारत दिसेल, एस्प्लनेड मॅन्शन. ते एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ ला भारतात पहिल्यांदा हलतं चित्र दाखवलं गेलं ते तिथे. काल रात्री आपण ज्या थाटात राहिलो तसाच थाट तिथे होता. बांबूंनी आणि जाळीने वेढलेली ती इमारत बघून आम्ही दोघी दरवेळी गप्प होतो.

विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ओव्हल मैदानाच्या कडेने चालत बघा. मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक म्हणजे टोकदार कमानींच्या दगडी इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको म्हणजे गोलसर कोपऱ्यांच्या, साध्या रेषांच्या इमारती, आणि मधे मुलं क्रिकेट खेळतायत. २०१८ पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. दुपारचं जेवण बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानियात, बेरी पुलाव. दुपारीच उघडं असतं, त्यामुळे टॅक्सी करून वेळेत पोहोचा.

खोली सोडताना

ही पायपीट बारा वाजून गेल्यावरही चालते, म्हणजे खोली निघण्याआधीच सोडायची. बाराच्या आत बिल मागा, ओळ न ओळ वाचा, न घेतलेलं काही लागलं असेल तर तिथेच दाखवा. डिपॉझिट परत केल्याची पावती घ्या. बॅगा पुन्हा त्यांच्याकडेच ठेवा.

चारला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. पुण्याला जाणाऱ्यांनी मात्र हिशोब करून उठा, डेक्कन क्वीन पाच दहाला सुटते आणि हॉटेलातून बॅगा घेऊन स्टेशन गाठायला गर्दीच्या वेळी पाऊण तास धरावा लागतो. आमची महालक्ष्मी रात्रीची असते, त्यामुळे आम्ही सूर्य बुडेपर्यंत तिथेच असतो. शेंगदाण्याची एक पुडी दोघीत घेतो आणि पुढच्या वर्षीची तारीख तिथेच ठरवून टाकतो. घरी गेल्यावर ती ठरत नाही.